एमपीएच करायचं ठरलंय, तर आधी प्लेसमेंटची चौकशी करा

हिंगोली जिल्ह्यातल्या एका बीएचएमएस डॉक्टरांचा प्रश्न आहे. तालुक्याच्या गावी काही वर्षं दवाखाना चालवल्यावर त्यांना सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर शिक्षण, म्हणजे एमपीएच, करायचं आहे. दोन कोर्समध्ये त्यांचं मन अडकलंय. एकाची फी कमी आहे, पण इंटर्नशिप जेमतेम सहा-आठ आठवड्यांची. दुसऱ्यात अख्खं सेमिस्टर प्लेसमेंटला, म्हणजे एखाद्या आरोग्य कार्यालयात किंवा संस्थेत प्रत्यक्ष काम करत शिकण्याला, दिलेलं आहे. मध्येच एका एजंटाने इंग्लंडमधला ‘प्लेसमेंटसह’ मास्टर्स सुचवलाय. ते विचारतात, ‘रोज पेशंट तपासतोच आहे, मग फील्डवर इतके महिने घालवून वेगळं काय मिळणार? आणि सरकारी कार्यालयात प्लेसमेंट घेतली की नुसत्या एन्ट्र्या करायला बसवतात, हे खरं का?’

डॉक्टर, मी जिल्हा पातळीवर साथरोग सर्वेक्षणाचं काम करते. एमपीएचचे विद्यार्थी प्लेसमेंटला आमच्याकडे येतात आणि त्यांची देखरेख बरीच वर्षं माझ्याकडे आहे. माझं उत्तर स्पष्ट आहे: सेमिस्टरभर प्लेसमेंट असलेला कोर्स घ्या, फी थोडी जास्त असली तरी. फक्त ती प्लेसमेंट कुठे असेल, कोणाच्या हाताखाली असेल आणि कोणत्या महिन्यांत असेल, हे विचारल्याशिवाय प्रवेशाचे पैसे भरू नका. वर्गात शिकवतात ते बहुतेक ठिकाणी सारखंच असतं. साथरोगशास्त्र, जैवसांख्यिकी, आरोग्य व्यवस्थापन, आरोग्य अर्थशास्त्र, पर्यावरण, यात कॉलेजा-कॉलेजांत जमीन-अस्मानाचा फरक नसतो. फरक पडतो तो फील्डमध्ये.

दवाखान्याच्या अनुभवाबद्दल आधी बोलते, कारण हा प्रश्न जवळपास प्रत्येक डॉक्टर विद्यार्थी विचारतो. तो अनुभव मोलाचा आहे. ताप आलेल्या माणसाचा चेहरा पाहिलेला विद्यार्थी आणि न पाहिलेला विद्यार्थी यांच्या कामात फरक पडतोच. पण दवाखान्यात तुम्हाला दिसतो तो आलेला पेशंट. सार्वजनिक आरोग्यात हिशेब ठेवावा लागतो न आलेल्यांचाही. तुमच्याकडे या आठवड्यात डेंग्यूचे बारा पेशंट आले. ही साथ आहे का? ते कोणत्या गावांतून आले, त्या गावांची लोकसंख्या किती, किती जणांची तपासणी झाली, मागच्या वर्षी याच आठवड्यात किती होते, आणि शेजारच्या डॉक्टरांकडे किती गेले, हे कळल्याशिवाय त्या बारा आकड्याला काही अर्थ नाही. अंश सगळ्यांना दिसतो, छेद शोधावा लागतो. प्राथमिक आरोग्य केंद्र साधारण 30,000 लोकसंख्येसाठी असतं, आदिवासी आणि डोंगराळ भागात 20,000 साठी. उपकेंद्र 5,000 आणि 3,000 साठी. हे नियम पाठ असतात. पण एखाद्या उपकेंद्राखाली आज प्रत्यक्षात किती माणसं राहतात, हे सांगायला तिथल्या आशाताईच लागतात.

प्लेसमेंटचा खरा गाभा माझ्या मते एकच आहे: आकडा कसा तयार होतो ते पाहणं, आणि त्या आकड्यावर कोण काय ठरवतं ते पाहणं. यासाठी एक प्रसंग जरा सविस्तर सांगते.

एक विद्यार्थिनी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होती. माता-बाल आरोग्य हा तिचा विषय. मी तिला सांगितलं, पहिला आठवडा काही विश्लेषण करू नकोस, प्रसूतिगृहाचं रजिस्टर घेऊन बस आणि नुसतं वाच. तिने जन्मवजनाचा रकाना वाचायला घेतला. 2.5, 2.5, 2.8, 2.5, 3.0, 2.5, 2.6, 2.5. पानामागून पान तसंच. 2.4 जवळजवळ कुठेच नाही, 2.3 क्वचित. 2500 ग्रॅमच्या खाली वजन असलं की बाळ ‘कमी वजनाचं’ ठरतं, म्हणजे सीमारेषेवर ही गर्दी झाली होती. दुपारी ती माझ्याकडे आली ती ‘मॅडम, इथे खोटं लिहितात’ असं म्हणतच. मी म्हटलं, हे वाक्य अहवालात लिहायच्या आधी बाळाचं वजन होताना बघ.

तिने रात्रपाळीच्या सिस्टरबरोबर दोन बाळंतपणं पाहिली. काटा जुना, गोल तबकडीचा. खुणा शंभर ग्रॅमच्या. बाळ दुपट्यात गुंडाळलेलं, कारण खोलीत गारठा होता आणि बाळाला उघडं ठेवायला सिस्टर तयार नव्हत्या, आणि त्यात त्यांचं बरोबरच होतं. बाळ हललं की सुई हलायची. सुई 2.4 आणि 2.5 च्या मध्ये थरथरत होती आणि सिस्टरनी 2.5 लिहिलं. मग हळूहळू बाकीचंही कळलं. वजन कमी लिहिलं की वरून विचारणा होते, बाळाला मोठ्या दवाखान्यात पाठवायचा विचार करावा लागतो, नातेवाईक घाबरतात. रात्री दोन वाजता एकट्या सिस्टरला हे सगळं पेलायचं असतं. यात लबाडीचा भाग थोडा होता. काटा, थंडी, एकटेपणा आणि अहवालाची भीती यांचा भाग मोठा होता.

मग तिने काय केलं? वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून एक डिजिटल काटा मिळवला, दहा ग्रॅमपर्यंत दाखवणारा. दुपट्याचं वजन आधी घेऊन ते वजा करायची पद्धत सिस्टरबरोबर बसून ठरवली. रजिस्टरमध्ये आकडा ग्रॅममध्ये लिहायचा ठरला. पुढच्या महिन्यापासून पानांवर 2380, 2460, 2710 असे आकडे दिसायला लागले. आणि साहजिकच त्या केंद्राच्या मासिक अहवालात कमी वजनाच्या बाळांचं प्रमाण वाढलं. तालुक्याच्या बैठकीत प्रश्न आला, ‘तुमच्या केंद्राची परिस्थिती एकदम बिघडली कशी?’ त्या बैठकीत उभं राहून, दोन महिन्यांची पानं शेजारी-शेजारी दाखवून, बाळं तीच आहेत पण मोजमाप सुधारलंय, हे तिला सगळ्यांसमोर पटवून द्यावं लागलं. सिस्टर शेजारी बसल्या होत्या. विद्यार्थिनीने त्यांना दोष लागू दिला नाही. हे कोणत्याही वर्गात शिकवता येत नाही, आणि सहा आठवड्यांत तर घडूच शकत नाही. रजिस्टर वाचण्यात, माणसांचा विश्वास मिळवण्यात आणि काटा मिळवण्यातच तेवढे दिवस जातात.

हे आकडे खरे असणं का गरजेचं आहे, याचं उत्तर आपल्याच राज्यात आहे. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. या घरच्या नवजात काळजीची पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने घडवली. 39 गावांत ती राबवली, 47 गावं तुलनेसाठी ठेवली, आणि तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी कमी झाल्याचं 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. 2011 मध्ये केंद्र सरकारने त्यावर राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना काढल्या. हे शक्य झालं, कारण त्या गावांतला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू मोजायची व्यवस्था आधी उभी केली होती. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून गावातल्याच, अनेकदा निरक्षर, बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. ही दोन्ही जोडपी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून परत आली होती. पदवी तिकडची, पण कामाला आकार दिला तो इथल्या गावांनी.

आता एन्ट्र्यांचा प्रश्न. खरं आहे, बसवतात. कार्यालयात माणसं कमी, पोर्टलं भरपूर, आणि लॅपटॉप चालवणारा तरुण विद्यार्थी समोर आला की कोणालाही मोह होतो. साथरोगांची माहिती आता आयएचआयपी या सरकारी पोर्टलवर जाते. एस फॉर्म म्हणजे लक्षणांवरून उपकेंद्राने भरलेला, पी म्हणजे डॉक्टरांचं संभाव्य निदान, एल म्हणजे प्रयोगशाळेने खात्री केलेला. हे फॉर्म पंधरा दिवस स्वतः भरायला मी प्रत्येक विद्यार्थ्याला लावते, आणि ते आवश्यक आहे असं माझं मत आहे. गावात तापाचे रुग्ण एसमध्ये दिसतात, पण पीमध्ये नाहीत. याचा अर्थ माणसं खासगीकडे गेली का, की डॉक्टरांनी फॉर्मच भरला नाही? हा प्रश्न भरणाऱ्यालाच पडतो. पण पंधरा दिवसांनंतरही तेच काम सुरू असेल तर तुमच्या मार्गदर्शकांना फोन करा.

त्यासाठी सुरुवातीलाच एक पत्र हवं. कॉलेजचं पत्र जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावे, त्यात विद्यार्थी कोणता प्रश्न घेऊन येतोय, कोणती रजिस्टरं पाहणार, कोणत्या केंद्रांत जाणार, स्थानिक पर्यवेक्षक कोण आणि शेवटी कार्यालयाला काय मिळणार, हे लिहिलेलं असावं. पत्र देताना आवक क्रमांक घ्या. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना त्याची प्रत हातात नेऊन द्या, मेलवर विसंबू नका. तुम्ही शहरातून आलात आणि तुमच्याकडे पत्र नाही, तर उपकेंद्रातली सिस्टर तुम्हाला पाणी विचारेल, खुर्ची देईल, पण रजिस्टर देणार नाही. आणि तिने देऊही नये.

कॉलेज निवडताना म्हणूनच मी सांगते की मागच्या दोन तुकड्यांमधल्या विद्यार्थ्यांशी बोला. त्यांना विचारा, प्लेसमेंटमध्ये तुमच्या मार्गदर्शकांनी फील्डला भेट दिली का? तुमच्या अहवालावरून तिथे काही बदललं का? की बांधलेली प्रत कपाटात गेली? जिथे निर्णय घेणारा माणूस तुमच्यापासून एका खोलीच्या अंतरावर बसतो, ती जागा चांगली. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचं कार्यालय, महानगरपालिकेचा आरोग्य विभाग, एखादी फील्डमध्ये मुरलेली संस्था. मोठ्या नावाच्या कचेरीत वातानुकूलित खोलीत बसून तीन महिने सादरीकरणं सजवण्यापेक्षा तालुक्याची मासिक बैठक दहापट शिकवते.

महिन्यांचा मुद्दा कोणी सांगत नाही, म्हणून त्यावर जरा थांबते. आपल्याकडे आजार ऋतूंप्रमाणे येतात आणि माणसंही. पाण्यातून पसरणारे आजार, उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टो, डेंग्यू, बारीक किड्यांच्या चाव्याने होणारा विदर्भातला स्क्रब टायफस शिकायचे तर जून ते ऑक्टोबर फील्डमध्ये असायला हवं. जानेवारीत येऊन लेप्टोवर काम करणारा विद्यार्थी फक्त जुने कागद वाचतो. उलट माकडताप शिकायचा असेल तर हिवाळा संपता-संपता आणि उन्हाळ्यात दोडामार्ग गाठा. गोव्यात सत्तरी तालुक्यात 2015 मध्ये आणि सिंधुदुर्गात दोडामार्गला 2016 मध्ये या तापाने डोकं वर काढलं. काजूच्या बागांत, जंगलाच्या कडेला पाचोळ्यात काम करणाऱ्यांना गोचीड चावते, आणि काजूचा हंगाम आणि तापाचा हंगाम नेमका जुळतो. हे नकाशावरून कळत नाही, बागेत गेल्यावर कळतं.

आणि बीडचं उदाहरण तर प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असायला हवं. आष्टी, पाटोदा, धारूर, वडवणी या पट्ट्यातली हजारो कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. जानेवारीत तिथे घरोघरी सर्वेक्षणाला गेलात तर म्हातारी माणसं आणि मागे ठेवलेली मुलं भेटतील. त्यावरून ‘लसीकरण चांगलं आहे’ असा निष्कर्ष काढाल, आणि ज्या बाळाची लस कारखान्याच्या तळावर चुकली ते तुमच्या यादीत नसेलच. नंदुरबारमधल्या धडगाव, अक्कलकुव्यातून गुजरातला जाणाऱ्यांचंही तेच. तुम्ही मराठवाड्यातले आहात, हे तुम्हाला माहीतच असेल. पण सर्वेक्षणाचं वेळापत्रक कॉलेजच्या सेमिस्टरप्रमाणे आखलं जातं तेव्हा हे सगळे विसरतात. तुम्ही विसरू नका.

साथीच्या तपासाचा अनुभव मिळाला तर सोडू नका. एखाद्या गावात गॅस्ट्रोची लागण झाली असं कळलं की वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या गाडीत बसा. उपचार ते बघतील. तुम्ही लाइन लिस्ट करा. नाव, वय, वाडी, कधीपासून, पाणी कुठलं, काय खाल्लं. अँटिबायोटिक सुरू होण्याआधी शौचाचे नमुने घेतले का, ते कॅरी-ब्लेअरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत पोचेपर्यंत जंतू टिकवणाऱ्या माध्यमात, टाकले का, पाहा. मग गावाचा हाताने नकाशा काढा आणि घरं खुणा करत जा. बहुतेक वेळा खुणा एका जलवाहिनीच्या रेषेवर दाटतात, आणि त्या रेषेवर कुठेतरी गटारातून जाणारा फुटका पाइप किंवा व्हॉल्व्हच्या खड्ड्यात साचलेलं पाणी सापडतं. ग्रामपंचायतीत जाऊन टीसीएलचं, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरचं, पोतं कुठे ठेवलंय ते बघा. तोंड उघडं, ओलीत ठेवलेली पावडर असली तर क्लोरीन उडून गेलेला असतो; जलसुरक्षक रोज टाकत असला तरी त्याचा उपयोग नाही. शेवटच्या टोकाच्या नळावर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का याची तपासणी, करा; पिवळा रंग येतो का पाहा. टाकीजवळ पिवळा आणि टोकाला पांढरा, असं असलं तर कुठे पाहायचं ते तुम्हाला कळलंच.

महाराष्ट्रात वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं हिरवं कार्ड आणि साथ नाही, तर चंदेरी. लागण झालेल्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं होतं, ते आवर्जून विचारा. हिरवं असूनही साथ आली असेल तर सर्वेक्षण कसं झालं हाच तुमचा डेझर्टेशनचा, म्हणजे पदवीसाठीच्या प्रबंधाचा, विषय होऊ शकतो, आणि तो फार उपयोगी विषय आहे.

2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात, किरकटवाडी, नांदेड गाव, नांदोशी, धायरी या परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. पुढे ही संख्या दोनशेच्या वर गेली. हातापायातली ताकद जाणारा, एरवी तुरळक दिसणारा हा आजार. सुरुवात रुग्णालयांतून झाली, अतिदक्षता विभागात एकाच भागातले पेशंट दिसले म्हणून. काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस हा विषाणू सापडले आणि तपास पाण्याकडे, विहिरीकडे वळला. घरोघर पथकं फिरली. अशा वेळी व्याख्या ठरवावी लागते: कोणाला संशयित म्हणायचं, कोणाला निश्चित. व्याख्या सैल केली तर आकडा फुगतो, आवळली तर खरे रुग्ण सुटतात. शहराची हद्द आणि ग्रामपंचायतीची हद्द यांच्यामध्ये पाणीपुरवठा कोणाचा, हा प्रश्न किती अवघड होतो तेही तिथे दिसलं. प्रशासनाच्या हद्दी आणि पाण्याच्या वाहिन्या एकमेकींना विचारून आखलेल्या नसतात.

संस्थांबद्दल थोडक्यात. कोलकात्याची अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्था 1932 पासूनची. ग्रामीण कामासाठी सिंगूर आणि शहरी कामासाठी चेतला अशी तिची स्वतःची फील्ड केंद्रं आहेत. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतल्या अच्युत मेनन सेंटरने 1997 मध्ये एमपीएच सुरू केलं आणि डॉक्टर नसलेल्यांसाठीही सार्वजनिक आरोग्याचं दार देशात खऱ्या अर्थाने उघडलं. चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था फील्डवर सर्वांत जास्त भर देते. चंदीगडची पीजीआय, मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, पुणे विद्यापीठाचा आरोग्य विज्ञान विभाग, हेही पर्याय आहेत. टाटा संस्थेत धोरण, अर्थकारण आणि सामाजिक अंगाने शिकायला मिळतं. तुम्हाला साथरोग हवा की धोरण, ते आधी ठरवा.

नैतिकता समितीचा मुद्दाही वेळेशी जोडलेला आहे. लोकांना प्रश्न विचारायचे, रक्त घ्यायचं किंवा नावानिशी नोंदी वापरायच्या तर समितीची परवानगी लागते, आणि तिला वेळ लागतो. छोट्या इंटर्नशिपमध्ये परवानगी येईपर्यंत मुक्काम संपतो आणि विद्यार्थी घाईने काहीतरी करतात. लांब प्लेसमेंट असली तरी प्रस्ताव आधीच्या सेमिस्टरमध्येच दाखल करा. रजिस्टरच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून गटावर टाकणं, ही माझ्या दृष्टीने अक्षम्य गोष्ट आहे. त्या पानावर कोणाच्या तरी सुनेचा एचआयव्हीचा निकाल असतो, कोणाचा गर्भपात असतो. आकडे उतरवा, नावं तिथेच ठेवा.

इंग्लंडबद्दल. तिथला साधा मास्टर्स एका वर्षाचा, 180 क्रेडिटचा असतो. ‘प्लेसमेंटसह’ असेल तर तो दोन वर्षांच्या आसपास जातो. एजंट सांगत नाहीत ती गोष्ट अशी की बऱ्याच विद्यापीठांत प्लेसमेंट मिळेलच अशी हमी नसते. अर्ज करायचे, मुलाखती द्यायच्या, आणि नाही मिळाली तर साध्या कोर्सवर परत. अनेक प्लेसमेंट बिनपगारी असतात. इंग्लंडमध्ये 2013 पासून सार्वजनिक आरोग्याची स्थानिक जबाबदारी कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थांकडे, आहे, त्यामुळे चांगली प्लेसमेंट बहुतेकदा एखाद्या कौन्सिलमध्ये असते. धूम्रपान, लठ्ठपणा, घरांची स्थिती असे विषय. शिकायला छान, पण हिंगोलीत परत येऊन काम करायचं असेल तर ते तुमच्या कामाचं किती, याचा विचार करा. जानेवारी 2024 पासून शिकवणी पद्धतीच्या मास्टर्सला कुटुंबाला सोबत नेता येत नाही. शिक्षणानंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांऐवजी 18 महिन्यांचा मिळेल. दोन वर्षांचा कोर्स घेतलात तर तुम्ही त्या तारखेच्या पलीकडेच जाणार. अमेरिकेत मान्यताप्राप्त एमपीएचला प्रत्यक्ष कामाचा अनुभव सक्तीचा आहे आणि पदवी किमान 42 क्रेडिटची असते, पण खर्च तुमच्या हिशेबाबाहेर जाईल असं मला वाटतं. एजंटाला एकच प्रश्न विचारा: मागच्या वर्षी या कोर्सच्या किती भारतीय विद्यार्थ्यांना प्लेसमेंट मिळाली आणि कुठे? उत्तर लेखी घ्या.

नोकरीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगणं माझं काम आहे. एमपीएच झालं म्हणून रुग्ण तपासायचे नवे अधिकार मिळत नाहीत. एमबीबीएसनंतरची एमडी कम्युनिटी मेडिसिन ही वेगळी पदवी आहे. तालुका किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी होण्याचा रस्ताही यातून जात नाही. तुमच्यासाठी दारं उघडतात ती राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या साथरोगतज्ज्ञ, कार्यक्रम व्यवस्थापक अशा कंत्राटी पदांची, महानगरपालिकांची, संशोधन प्रकल्पांची आणि स्वयंसेवी संस्थांची. कंत्राट अकरा-अकरा महिन्यांचं, मानधन उशिरा येण्याची तयारी ठेवायची, आणि दवाखान्यातली रोजची आवक थांबणार. घरच्यांशी हे आधी बोला. दवाखाना एकदम बंद करण्यापेक्षा एखाद्या मित्राकडे सोपवता आला तर बघा.

मुलाखतीला मी स्वतः बसते तेव्हा पदवीच्या गुणांवर फार वेळ घालवत नाही. ‘प्लेसमेंटमध्ये तुम्ही पाहिलेला एक चुकीचा आकडा सांगा आणि तो कसा दुरुस्त झाला ते सांगा,’ एवढंच विचारते. काहींना तिथेच घाम फुटतो. ज्यांनी काम केलेलं असतं ते काट्याबद्दल, पोत्याबद्दल, एखाद्या आशाताईंबद्दल बोलायला लागतात आणि मग थांबत नाहीत.

प्लेसमेंट संपताना दोन कागद सोबत घ्या. एक, कार्यालयाच्या लेटरहेडवरचं प्रमाणपत्र, ज्यात ‘इंटर्नशिप पूर्ण केली’ एवढंच न लिहिता तुम्ही नेमकं कोणतं काम केलं ते लिहिलेलं असेल. दुसरा, तुमच्या अहवालाचा दोन पानी मराठी सारांश, जो तुम्ही त्या केंद्रातल्या सिस्टर, आरोग्य सेवक आणि आशाताईंना बैठकीत वाचून दाखवलाय आणि ज्याची प्रत तिथे ठेवलीय. इंग्रजी डेझर्टेशन कॉलेजला द्या. त्या दोन पानांत तक्ते तीनच ठेवा, गावांची नावं गावात म्हणतात तशी लिहा, आणि वाचून झाल्यावर ‘यात काय चुकलंय?’ असं विचारा. कोणीतरी नक्की सांगेल की अमुक वाडी तुम्ही दुसऱ्या उपकेंद्रात घातलीय. ते तिथल्या तिथे दुरुस्त करा आणि मगच अंतिम प्रत कॉलेजला पाठवा.